'सिनात्रा ॲट द सॅन्ड्स' कसा ऐकावा: चार बाजू, चार संध्याकाळी

फ्रँक सिनात्रा म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना तीन गाणी आठवतात, आणि नेमकी ती तिन्ही या अल्बममध्ये नाहीत. 'स्ट्रेंजर्स इन द नाइट' त्याने एप्रिल १९६६ मध्ये रेकॉर्ड केलं, 'माय वे' डिसेंबर १९६८ मध्ये आणि 'न्यूयॉर्क, न्यूयॉर्क' थेट १९७९ मध्ये. 'सिनात्रा ॲट द सॅन्ड्स'चं ध्वनिमुद्रण झालं जानेवारी १९६६ च्या अखेरच्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या रात्रींना. ओळखीचं गाणं येईल म्हणून वाट बघत बसलात तर सव्वा तास फुकट जाईल.

मला हा अल्बम आवडायला बराच वेळ लागला, आणि चूक माझीच होती. मी आवाज ऐकत होतो. सिनात्राने नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. दहा वर्षांपूर्वीचा मखमली गळा आता जरा खरखरीत झाला होता, वरच्या सुरांना थोडं जपून हात घातला जात होता. आवाजासाठीच ऐकायचं तर त्याचे १९५० च्या दशकातले स्टुडिओ अल्बम आहेतच. इथे ऐकायची ती लय. एक मुरलेला गायक आणि त्याहून मुरलेला वाद्यवृंद एकमेकांशी लयीत कसे खेळतात, ते एकदा कानाला सापडलं की हा अल्बम सुटत नाही. कसं सापडवायचं, तेवढंच खाली सांगतो.

आधी माहिती, थोडक्यात

सॅन्ड्स हे लास वेगासमधलं हॉटेल आणि कॅसिनो, १९५२ मध्ये उघडलेलं. त्यातल्या कार्यक्रमाच्या दालनाचं नाव कोपा रूम. लोक टेबलांशी बसून खातपीत गाणं ऐकायचे, त्यामुळे पेल्यांची किणकिण आणि मधूनच कुणाचं खिदळणं रेकॉर्डवर आलंय. वाद्यवृंद जॅझ पियानोवादक काउंट बेसीचा. गाण्यांची वाद्यरचना आणि संचालन क्विन्सी जोन्सचं, आणि तो तेव्हा अवघा ३२ वर्षांचा होता. निर्माता सनी बर्क, कंपनी रिप्राइज, जी सिनात्रानेच १९६० मध्ये काढली होती. सिनात्राचा बाजारात आलेला हा पहिला लाइव्ह अल्बम. बेसीबरोबर त्याने आधी दोन स्टुडिओ अल्बम केले होते, म्हणजे मंडळींचा एकमेकांशी हात बसलेला होता.

बेसी आणि सिनात्रा दोघेही न्यू जर्सीचे. एक रेड बँकचा, दुसरा होबोकेनचा.

अल्बम अनेक रात्रींच्या मुद्रणातून निवडून जोडलेला आहे. त्यामुळे ही एका रात्रीची मैफल आहे असं समजू नका. क्रम मात्र मैफलीसारखाच लावलाय, आणि तो मोडू नका. मूळ रेकॉर्ड दोन तबकड्यांची, म्हणजे चार बाजूंची; खालच्या चार संध्याकाळी त्या बाजूंच्याच.

तयारी: ॲपची खोड आधी काढा

मोबाइलवर ऐकणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी बंद करा. पहिली शफल. दुसरी क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता दुसरं त्यावर चढवणारी सोय. लाइव्ह रेकॉर्डवर ती टाळ्यांचा चिखल करते. तिसरी, सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय. या वाद्यवृंदाची सगळी गंमत कुजबुजीवरून गर्जनेवर जाण्यात आहे. ती सपाट झाली तर उरलं काय? गॅपलेस मात्र चालू ठेवा, म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये शांततेचा खड्डा पडत नाही.

हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर नको. त्यात डबल बास हरवतो, आणि बास हरवला की पुढचा निम्मा लेख निरुपयोगी. साधे वायरचे हेडफोन पुरे.

जुनी एलपी घ्यायची हौस असेल तर पैसे देण्याआधी दोन्ही तबकड्या बाहेर काढून लेबलं वाचा. मी एकदा नुसतं सुंदर कव्हर बघून हा दुहेरी अल्बम घरी आणला. पहिली तबकडी बरोबर होती, दुसऱ्या खिशात ख्रिसमसची गाणी निघाली. विकणारा म्हणाला, "दोन आहेत ना? मग झालं की." शक्य असेल तर कव्हरवरचा मजकूरही वाचा. स्टॅन कॉर्निनने तो लिहिलाय आणि त्यासाठी त्याला ग्रॅमी मिळालं.

टाळी कुठे द्यायची

अल्बम लावण्याआधी पाच मिनिटं हे करा. पायाने एक-दोन-तीन-चार अशा सारख्या मात्रा धरा. आता टाळी द्या, पण एकवर नाही. दोन आणि चारवर.

आपला हात एकवर पडतो. समेवर दाद द्यायची आपल्या कानाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. इथे एक आणि तीन या मात्रा जमिनीसारख्या असतात आणि उसळी मिळते ती दोन आणि चारवर. ड्रमवाला पायाने झांजांची एक जोडी मिटतो, तिला हाय-हॅट म्हणतात; 'चिक्' असा तो बारीक आवाज दोन आणि चारवरच येतो. तो ऐकू आला की टाळी आपोआप जागेवर बसते.

दुसरी गोष्ट, स्विंग. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा, तकिट-तकिट-तकिट-तकिट. आता मधला 'कि' मनात ठेवा, तोंडाने म्हणू नका. त-ट, त-ट, त-ट, त-ट. लांब-आखूड, लांब-आखूड. ही झाली स्विंगची चाल. लय वाढली की हा लंगडेपणा कमी होत जातो, आणि नेमका किती ठेवायचा हे कागदावर लिहिता येत नाही. बेसीच्या लोकांना ते रक्तात होतं.

हा आवाज आपल्याला अगदीच परका नाही, बरं का. मुंबईत ताजसारख्या हॉटेलांत वाजवणारे गोव्याचे वादक हेच संगीत वाजवत होते, आणि दिवसा तेच सिनेमाच्या स्टुडिओत जात. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, मूळ नाव अँतोनिओ झेवियर वाझ, सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता. १९५१ च्या 'अलबेला'मधलं पितळी वाद्यांचं झगमगणं ज्यांच्या कानात आहे त्यांनी अर्धं अंतर आधीच कापलंय.

पहिली संध्याकाळ, पहिली बाजू

'कम फ्लाय विथ मी'ने सुरुवात होते. पहिल्या वेळी काहीच करू नका, नुसती टाळी धरा. सुटली तर सुटू द्या, हाय-हॅट पुन्हा शोधा. गाणं संपल्यावर सिनात्रा विचारतो, ही एवढी माणसं माझ्या खोलीत शिरली कशी? मैफल त्या क्षणी सुरू होते.

दुसऱ्या वेळी गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करून फ्रेडी ग्रीनचं गिटार शोधा. अवघड आहे, कारण ते ॲम्प्लिफायरशिवायचं आहे आणि ऐकू येण्यापेक्षा जाणवतं जास्त. दर मात्रेला एक झणकार, चारही मात्रांवर, गाणंभर. ग्रीन १९३७ मध्ये बेसीकडे आला आणि १९८७ मध्ये वारला तोवर तिथेच होता. पन्नास वर्षं. सोलो जवळजवळ नाहीच. तानपुरा काढून घेतला तर मैफलीचं जे होईल ते ग्रीनला काढलं तर या वाद्यवृंदाचं होईल. बासच्या जरा वर, हाय-हॅटच्या जरा खाली, सुक्या पानासारखा तो आवाज आहे. एकदा सापडला की नंतर तोच आधी ऐकू येतो.

आता या बाजूचा गाभा, 'आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन'. गाणं कोल पोर्टरचं. सिनात्राने १९५६ मध्ये ते नेल्सन रिडलच्या वाद्यरचनेवर गायलं, त्यात मध्ये एक चढण आहे. एक छोटा वाक्प्रचार पुन्हा पुन्हा फिरतो, दर फेरीला एखादं वाद्य त्यात मिसळतं, आवाज वाढत जातो आणि शेवटी ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य उसळून बाहेर येतं. सॅन्ड्समध्ये हीच चढण बेसीचा वाद्यवृंद चढतो. ऐकताना तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत नुसता बास ऐका. दुसऱ्या फेरीत सनी पेनचे ड्रम. हा गडी काठ्या हवेत उडवून झेलणारा, नाटकी, पण चढणीवर किती वेळ तो हात आखडता घेतो आणि नेमका कुठे सोडतो ते बघा. तिसऱ्या फेरीत सिनात्रा. चढण सुरू होते तेव्हा तो गात नाही, वाद्यवृंदाला चेतवत असतो. आणि स्फोटानंतर परत येतो तो आवाज चढवून नाही. ट्रॉम्बोननी एवढा हलकल्लोळ केल्यावर त्यांच्याशी स्पर्धा कोण करणार? तो बोलल्यासारखा शब्द टाकतो, मात्रेच्या किंचित मागे, जणू खोलीत काही झालंच नाही.

ते 'मात्रेच्या मागे' हेच या अल्बमचं मर्म. आपल्याकडे तबलजी अतीत-अनागत म्हणतात, समेनंतर येणं आणि समेआधी येणं. सिनात्रा हे जवळजवळ प्रत्येक ओळीत करतो, पण डोळा मारून करत नाही. त्यामुळे ती करामत वाटत नाही, बोलण्याची ढब वाटते. तपासायचं असेल तर बोटाने मात्रा धरा आणि ओळीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द बोटाच्या आधी पडतो की नंतर, तेवढंच बघा. दहापैकी सहासात वेळा नंतर पडेल. आणि तरी ओळीचा शेवट बरोबर जागेवर येतो, कारण मधले शब्द त्याने घाईत उरकलेले असतात. पगार उशिरा झाला तरी महिना बसवणाऱ्या माणसासारखं.

दम कुठे घेतो तेही ऐका. तरुणपणी, १९४० ते ४२, तो टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदात गायचा. डॉर्सी ट्रॉम्बोनवर लांबच लांब ओळी न तोडता वाजवायचा. आपण ते बघून शिकलो असं सिनात्रा सांगत असे. दोन ओळींच्या मधला सांधा तो दम न घेता ओलांडतो आणि पुढच्या ओळीच्या मध्ये, जिथे अर्थ थांबतो तिथे, दम घेतो. आशयासाठी यती सरकवणारे गायक आपण ऐकलेत. त्यांच्या शेजारी याला बसवा.

बाजू संपते 'वन फॉर माय बेबी'वर. हॅरोल्ड आर्लन आणि जॉनी मर्सर यांचं हे गाणं. पहाटे पावणेतीन, रिकामा बार, दारू ओतणारा 'जो' नावाचा माणूस आणि त्याच्यापुढे मन मोकळं करू पाहणारं एक गिऱ्हाईक. अशा गाण्यांना सिनात्रा सलून साँग म्हणायचा. सलून म्हणजे आपलं केस कापायचं नव्हे, दारूचा गुत्ता. वाद्यवृंद गप्प होतो आणि पियानोवर बिल मिलर येतो, सिनात्राचा कित्येक वर्षांचा साथीदार. इथे टाळी सोडून द्या. गाण्यातला माणूस आपली गोष्ट सांगतो सांगतो म्हणतो आणि शेवटपर्यंत सांगत नाही. पियानो मात्र सगळं ठाऊक असल्यासारखा वाजतो. खोलीतल्या टेबलांवरचा आवाज या गाण्यात किती खाली जातो ते लक्षात घ्या.

त्या संध्याकाळी पुढे काही लावू नका.

दुसरी संध्याकाळ

'फ्लाय मी टू द मून' हे बार्ट हॉवर्डचं १९५४ चं गाणं, मूळ तीन मात्रांच्या झुलत्या चालीतलं. क्विन्सी जोन्सने १९६४ मध्ये बेसी-सिनात्रा जोडीसाठी ते चार मात्रांच्या स्विंगमध्ये बसवलं. आज जगाला ठाऊक आहे ते हेच रूप. १९६४ चं स्टुडिओतलं आणि सॅन्ड्सचं एकामागोमाग ऐका. स्टुडिओतलं जास्त नेटकं आहे. सॅन्ड्सवर सिनात्रा शब्दांशी जास्त मस्ती करतो. मला दुसरं आवडतं. तुमचं उलट असेल तर वाद घालायला मी येणार नाही.

मग 'वन ओ'क्लॉक जम्प', बेसीचं १९३७ पासूनचं ओळखगीत. इथे ते मिनिटभराचंही नाही. बारा आवर्तनांचा ब्लूज म्हणजे काय ते बोटांवर मोजायला मात्र पुरेसं आहे. चार मात्रांचं एक आवर्तन, अशी बारा, एकूण ४८ मात्रा, की चक्र पुन्हा पहिल्यापासून. एवढं एक चक्र जमलं तरी जॅझचा मोठा दरवाजा उघडतो.

त्यानंतर 'द टी ब्रेक'. सिनात्रा चहाचा कप घेऊन जवळजवळ बारा मिनिटं बोलतो: स्वतःचं वय, लहानपण, गायक मित्र डीन मार्टिनचं पिणं. पहिल्यांदा पूर्ण ऐका, नंतर खुशाल वगळा. विनोदाचं टायमिंग गाण्यासारखंच आहे, शब्द किंचित उशिराच टाकतो. काही विनोद आज टोचतात, विशेषतः वंशावरून केलेले. वेगासच्या हॉटेलांनी कृष्णवर्णीय लोकांना पाहुणे म्हणून दारं उघडली ती मार्च १९६० मध्ये, या रेकॉर्डच्या सहाच वर्षं आधी. त्याआधी रंगमंचावर वाहवा घेणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंताला त्याच हॉटेलात खोली मिळेलच असं नव्हतं. सिनात्रा हॉटेलवाल्यांशी या बाबतीत भांडलेला माणूस होता, आणि तेच विनोदही करत होता. दोन्ही खरं आहे. मागे कृष्णवर्णीय बेसी आणि त्याचा वाद्यवृंद बसलेला आहे हे लक्षात ठेवून ते हशे ऐका.

तिसरी संध्याकाळ

'ऑल ऑफ मी' आणि 'मेकिन व्हूपी' ही फक्त वाद्यांची. त्यात बेसीचा पियानो ऐका. जिथे दुसरा वीस सूर वाजवेल तिथे तो तीन वाजवतो, आणि उरलेल्या जागेत फ्रेडी ग्रीन दिसतो. 'मेकिन व्हूपी'वर आवर्तनं मोजा: मुखडा आठ, पुन्हा मुखडा आठ, अंतरा आठ, मुखडा आठ. एकूण ३२. या पिढीची असंख्य गाणी याच साच्यात आहेत. अंतरा कुठे सुरू होतो ते न मोजता कळायला लागलं की वही मिटायला हरकत नाही.

मधलं 'इट वॉज अ व्हेरी गुड इयर' आधी स्टुडिओत, १९६५ च्या 'सप्टेंबर ऑफ माय इयर्स' अल्बमवर ऐका. तिथे गॉर्डन जेन्किन्सच्या रचनेत व्हायोलिनांचं दाट धुकं आहे. गाण्यातला माणूस सतराव्या, एकविसाव्या, पस्तिसाव्या वर्षाची आठवण काढत उतारवयाला येतो. बेसीकडे व्हायोलिनं नाहीत. त्यामुळे सॅन्ड्सवर गाणं उघडं पडतं, आणि गळ्यातली ती खरखर, जिच्याबद्दल मी वर कुरकुरलो, ती इथे कामाला येते. तरी निवडायचंच झालं तर मी स्टुडिओतलं घेईन.

चौथी संध्याकाळ

ही बाजू पटकन होते. 'एंजल आइज' तेवढं जपून ऐका: त्याच ३२ आवर्तनांच्या साच्यातलं, पण उदास सुरावटीचं. शेवटच्या ओळीत गाणारा माणूस निघून जायची परवानगी मागतो. पुढे १३ जून १९७१ ला सिनात्राने निवृत्तीचा कार्यक्रम केला तेव्हा याच गाण्याने शेवट करून तो अंधारात निघून गेला. दोन वर्षांत परत आला, ते सोडा.

'माय काइंड ऑफ टाउन' हे शिकागोचं कौतुक, आणि ते गायलंय वेगासमध्ये. टाळ्या, थोडं निरोपाचं बोलणं, पुन्हा तेच गाणं, आणि संपलं.

यानंतर काय

'सिनात्रा: वेगास' हा संच २००६ मध्ये निघाला. त्यातली एक सीडी सॅन्ड्सच्या याच १९६६ च्या मुक्कामातली आहे, मूळ अल्बममध्ये न घेतलेली ध्वनिमुद्रणं. तेच गाणं दोन वेगळ्या रात्री कसं वळतं हे बघायचं असेल तर एवढा एक प्रयोग करा: 'एकच गाणं, दोन रात्री', बोटाने मात्रा धरून. कुठला शब्द कुठे सरकला ते वहीत टिपा.

दुसऱ्या गायकांकडे जायचं तर न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधले लाइव्ह अल्बम घ्या, १९६२ चा टोनी बेनेटचा किंवा १९६१ चा ज्यूडी गार्लंडचा. एला फिट्झजेराल्डचा १९६० चा बर्लिनचा कार्यक्रमही सोडू नका. तिथे ती 'मॅक द नाइफ'चे शब्द विसरते आणि हसत हसत नवे रचून पुढे जाते.

मी मात्र सगळ्यात आधी 'नॅट किंग कोल ॲट द सॅन्ड्स' लावायला सांगेन. तीच कोपा रूम, जानेवारी १९६०. कोल १५ फेब्रुवारी १९६५ ला गेला आणि ही रेकॉर्ड बाहेर आली १९६६ मध्ये, सिनात्राच्या रेकॉर्डच्याच वर्षी. सॅन्ड्सची इमारत नोव्हेंबर १९९६ मध्ये सुरुंग लावून पाडली. दोन्ही रेकॉर्ड पाठोपाठ लावा आणि गाण्यांच्या मधल्या टाळ्या ऐका: त्या खोलीचा घुमारा दोन्हींत ऐकू येतो.